वाघावर बसाल तर कंबर जाईल

तीन आठवडे रोज रात्री तेच तेच क्वेस्ट, म्हणजे गेममधली नेमून दिलेली कामं, करून मी गेममध्ये एकदाचा पांढरा वाघ मिळवला. बसायचा वाघ, म्हणजे माउंट. अंगावर चिलखत, निळे डोळे, पळताना पंजांखालून थोडा धूर वगैरे निघतो, एकदम जोरात प्रकरण. आणि पहिल्यांदाच मैदानातून पळवला तेव्हा डोक्यात आलं की अरे, माझं कॅरेक्टर तर हलतच नाहीये! खाली एवढं मोठं जनावर झेपा घेतंय आणि ही बाई वर अशी बसलीये की जणू सोफ्यावर बसून टीव्ही बघतेय. कंबरेला डिंक लावून चिकटवल्यासारखी.

मला हे जरा जास्तच खटकलं कारण मी खऱ्या आयुष्यात एकदाच घोड्यावर बसलेय, तेही फक्त तासभर, आणि त्यानंतर दोन दिवस मी कठडा धरून आडवी आडवी जिना उतरत होते.

त्या घोड्याचं आधी सांगते, कारण बाकी सगळ्या जनावरांचं गणित त्याच्यावरूनच मांडायचंय. घोडा नुसता चालत होता तोपर्यंत मजा होती, मी मनातल्या मनात पार्श्वसंगीत पण लावून टाकलं होतं. मग तो दुडकायला लागला. दुडक्या चालीत समोरासमोरच्या कोपऱ्यातले दोन पाय एकदम पडतात, पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग उलट, म्हणजे दोनच ठेके, धप्प धप्प, आणि प्रत्येक धप्पला त्याची पाठ तुम्हाला वर उडवते. सराईत लोक रिकिबीत पाय रोवून एक ठेका सोडून एका ठेक्याला उठतात. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल पण मी पार्श्वसंगीतात होते. त्यामुळे मी खाली येत होते तेव्हा नेमका घोडा वर येत होता. शंभरदा, दोनशेदा. मांड पक्की असणे हा शब्दप्रयोग मी आयुष्यभर ऐकलाय पण मांडीच्या आतल्या बाजूला एवढे स्नायू असतात हे त्या दिवशी कळलं. गंमत म्हणजे घोडा जोरात पळायला लागला की बसणं उलट सोपं जातं म्हणतात, दणके जाऊन लाटेसारखी चाल येते. त्याची खात्री करून घ्यायला मी थांबले नाही.

आता यात महत्त्वाची गोष्ट अशी की घोडा हे या कामासाठी सगळ्यात चांगल्या जनावरांपैकी एक आहे. का, तर त्याची पाठ. चारी पाय खाली एवढा धिंगाणा घालतात पण पाठीचा कणा बऱ्यापैकी ताठ राहतो, मधे फार वाकत नाही, म्हणून तर त्यावर खोगीर टिकतं. गेममध्ये माउंट निवडताना आपण शिंगं बघतो, दात बघतो, पंख केवढे ते बघतो, आणि खरं बघायला पाहिजे तो कणा. बसायचंय तुम्हाला त्याच्यावर, दातांवर नाही.

तर वाघ. मांजरकुळातलं कुठलंही जनावर जोरात पळताना स्लो मोशनमध्ये बघा. चित्त्याचं बघा, त्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं. त्याचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सटकन उघडतो, वाकतो आणि उघडतो, त्या जोरावर त्याची एकेक झेप ६ ते ७ मीटर लांब जाते. म्हणजे पळण्याचं काम नुसते पाय नाही, पाठही करते. आणि आपण कुठे बसणार? बरोबर त्या बिजागरीवर! एका क्षणी खाली उंटाचं मदार तयार होतं, पुढच्या क्षणी तिथेच खड्डा, आणि हे सेकंदाला तीनेक वेळा. घोड्यावर मला दणके बसले होते, इथे मला कोणीतरी घोंगडीसारखं झटकतंय असं वाटलं असतं.

बरं खोगीर बांधणार कशाला? मांजरीला मानेपाशी धरून बघा, कातडी किती सैल असते, हातात गोळा होते. वाघाचंही तेच. तुम्ही पट्टा कितीही आवळा, कातडीसकट खोगीर फिरणार आणि तुम्ही पहिल्याच वळणाला वाघाच्या पोटाखाली. शिवाय मांजरांच्या खांद्याचं हाड बाकीच्या सांगाड्याला हाडाने जोडलेलं नसतं, नुसतं स्नायूंवर तरंगतं. मांजर दबकत चालते तेव्हा पाठीवर दोन टेंगळं वरखाली होताना दिसतात ना, तीच ती. वाघावर बसल्यावर ती दोन टेंगळं तुमच्या गुडघ्यांना आतून ढुशा देत राहणार.

आणि वजन. घोड्याच्या बाबतीत साधारण ठोकताळा असा की त्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत ओझं लादावं, माणूस आणि खोगीर धरून. ५०० किलोचा घोडा, १०० किलो ओझं. वाघाला तोच नियम लावला, म्हणजे २०० किलोचा वाघ धरला, तर ४० किलो. त्यात खोगीर, पूर्ण अंगभर लोखंडी चिलखत म्हणजे २० किलोच्या वर, पाठीवर माझ्याएवढी तलवार, मग मी स्वतः. माझं वजन इथे लिहिणार नाहीये, पण चिलखत, खोगीर, तलवार सगळं सोडून नुसती मी, तीही चौथी-पाचवीतली, असते तर जमलं असतं. आणि हे सगळं जमलं तरी तो पळणार किती? चित्त्याचा पाठलाग मिनिटभराच्या आतच संपतो, मग तो धापा टाकत बसतो. वाघही काही लांब पल्ल्याचा गडी नाही. गेममध्ये मी त्याला एका खंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवला आणि पाणीसुद्धा विचारलं नाही.

लांडगा त्यातल्या त्यात बरा, दिवसभर एका लयीत पळू शकतो. पण जोरात पळाला की त्याचाही कणा वाकतोच, आणि खरा लांडगा तुमच्या कंबरेपर्यंतही धड येत नाही, तेव्हा पाय जमिनीला घासत जाल. अस्वलाबद्दल मी फार विचार केला नाही, नुसतं डुलत डुलत जाणार आणि बाजूला मधाचं पोळं दिसलं की तुम्ही तिथेच.

फायनल फँटसी २ या गेममध्ये, म्हणजे १९८८ पासून, चोकोबो नावाचा मोठ्ठा पिवळा पक्षी आहे बसायला, तो मला आधी विनोदी वाटायचा. पण दोन पायांचं प्रकरण वाटतं तितकं वाईट नाही हो. शहामृग ताशी ७० किमीने पळतो. आणि त्याचा जो गुडघा उलटा वाकतो असं आपल्याला वाटतं तो गुडघा नसून घोटा असतो, खरा गुडघा वर पिसांमध्ये अंगालगत लपलेला असतो, मांडीचं हाड जवळजवळ आडवं. म्हणजे सगळी धावपळ खाली चाललेली असते आणि वरचं धड त्या मानाने शांत. पाठही आखूड आणि कडक, वाकण्याचा प्रश्नच नाही. फक्त धरायचं कशाला हा प्रश्न आहे. समोर लांबलचक मान दिसते, हात आपोआप तिकडे जाणार, आणि पक्ष्याला मान धरलेली अजिबात चालत नाही, कारण तो पळताना डोकं स्थिर ठेवून त्यावरच सगळा अंदाज घेत असतो. कोंबडी हातात धरून पुढेमागे हलवलीत तर डोकं हवेत खिळा ठोकल्यासारखं तिथल्या तिथे राहतं, तोच प्रकार. मान ओढलीत की त्याचाही तोल गेला आणि तुमचाही.

आता उडणारे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेममध्ये २००७ साली स्वतः उडवायचे माउंट आले, आणि तेव्हापासून ड्रॅगनवर बसून ढगांतून जायचं हे माझं, आणि मला वाटतं सगळ्यांचंच, स्वप्न आहे. एवढं मोठं जनावर मुळात उडेल का हा वाद मी घालणार नाही. लांबी दुप्पट केली की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं पण वजन आठपट, तिथेच सगळं फिसकटतं. आजवरच्या सगळ्यात मोठ्या उडणाऱ्या प्राण्यांपैकी एक, डायनासोरांच्या काळातला केत्झालकोअ‍ॅटलस, पंखांचा पसारा १० मीटर आणि वजनाचा अंदाज दोन-अडीचशे किलो, त्याच्यावरही मी चिलखत घालून बसू शकले नसते. पण ठीक आहे, जादू आहे, उडतो. बसायचं कसं ते बोला.

पहिली अडचण रुंदी. घोड्याच्या पाठीवर पाय फाकवून मी दोन दिवस अधू झाले होते आणि ड्रॅगनचं धड एखाद्या ट्रकएवढं असतं. त्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसणं म्हणजे जिम्नॅस्टिकची परीक्षा. हत्तीचा माहूत पाठीवर न बसता मानेवर बसतो ते उगाच नाही, तिथे निदान पाय खाली सोडता येतात. पण ड्रॅगनची मान साप आहे, ती इकडेतिकडे बघणार.

दुसरी अडचण पोटाची. म्हणजे तुमच्या. पंख खाली मारले की अंग वर उचललं जातं, पंख वर घेतले की अंग खाली बसतं, त्यामुळे सरळ उडतानाही तुम्ही सतत झोपाळ्यावर. चिमणी सेकंदाला कितीतरी वेळा पंख मारते, नुसती थरथर, पण जनावर जितकं मोठं तितका ठेका संथ. आणि माणसाला सगळ्यात जास्त मळमळतं ते साधारण पाच सेकंदांत एकदा वरखाली होण्याच्या संथ हेलकाव्यांनी, बोट लागते ती याचमुळे. म्हणजे ड्रॅगन जितका भव्य तितके तुम्ही मळमळून तोंड हिरवं पडण्याच्या जवळ. राज्य वाचवायला निघालेली वीरांगना तीन तास मानेला मिठी मारून ओकतेय, असा सीन कुठल्याच गेमने दाखवलेला नाही.

मात्र पंख पसरून नुसतं तरंगायला लागला की तिथे खरंच स्वर्ग असेल, याबद्दल माझी तक्रार नाही. आणि एक गोष्ट मला शोधल्यावर कळली ती फार आवडली. मला वाटायचं ड्रॅगन वळताना कलंडला की आपण घसरून पडू. नाही पडत. नीट घेतलेल्या वळणात जोर तुम्हाला बाजूला ढकलत नाही, सरळ खोगिरात खाली दाबतो, हातात पाण्याचा ग्लास असेल तर तोही सांडायचा नाही. फक्त तो जोर वाढत जातो, उंची न सोडता ६० अंशात कलंडून वळलं की तुमचं वजन थेट दुप्पट. म्हणजे पडायची भीती नाही, पण हनुवटी छातीला टेकेल आणि गाल ओघळतील.

थंडीचं तर कोणी नावच काढत नाही. दर किलोमीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, तीन किलोमीटर वर गेलात की खालच्यापेक्षा जवळपास २० अंश कमी, त्यात ताशी १०० किमीचा वारा थेट तोंडावर. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. आणि गेममधल्या बायकांच्या चिलखताला पोटच नसतं. हा राग माझा जुना आहे, वाघाच्याही आधीचा.

उड्यांचंही एक राहिलंच. एल्डन रिंगमधला टोरेंट हवेतल्या हवेत दुसरी उडी मारतो, ते सोडा, तो भुताचाच घोडा आहे. पण गेममध्ये आपण कड्यावरून घोड्यासकट बिनधास्त खाली उडी टाकतो ना, त्याचा हिशोब करून बघितला मी. १० मीटरवरून पडलं तर जमिनीला टेकताना वेग ताशी ५० किमी होतो, आणि तो सगळा वेग तुमच्या आणि खोगिराच्या मधे जे काही आहे त्याने अडवायचा. पुढचं लिहीत नाही.

मग एवढ्या सगळ्यात बसायला चांगलं काय? मी या यादीवरून दोनतीन दिवस भावाशी वाद घालत होते, तो उंट उंट करत होता, मी म्हटलं उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, तू पहिल्या मिनिटालाच त्याच्या मानेवरून पुढे. आणि मग जे उत्तर निघालं ते मला स्वतःलाच आवडलं नाही. कोळी.

विचार करा ना. कणाच नाही! वाकायला काही नाहीच. आठ पाय, त्यातले साधारण चार जमिनीवर असतात तोवर दुसरे चार पुढे जातात, म्हणजे खाली कायम चार पायांचं टेबल उभं आणि धड जवळजवळ एका रेषेत पुढे सरकतंय. ना धप्प धप्प, ना झटके. पायही असे की काही सांध्यांना सरळ करायला स्नायूच नसतो, आतल्या द्रवाच्या दाबाने तो पाय सरळ होतो, जेसीबीच्या हातासारखा. पुढच्या भागावर पाठ सपाट, कडक कवचाची, खोगीर नुसतं ठेवायचं. काही जातींचे केस अंगाला लागले की भयानक खाज सुटते, तेव्हा जाड पॅंट घाला. मला साधा भिंतीवरचा कोळी दिसला तरी मी खोली सोडून जाते, पण कंबरेच्या दृष्टीने बघाल तर त्याला तोड नाही, आणि वरून कड्यांवर, भिंतींवर सरळ चढून जाईल.

म्हणून काल रात्री मी पांढरा वाघ बाजूला ठेवून, साठवलेलं सगळं गोल्ड घालून, डोळे बारीक करून एक कोळी घेतला. चाल अगदी लोण्यासारखी, माझं कॅरेक्टर पहिल्यांदाच योग्य कारणाने स्थिर बसलेलं. मोठ्या हौसेने त्याला जवळच्या कड्याकडे नेला. तर चढेचना. आठही पाय जागच्या जागी हलवत कड्याला नाक लावून उभा. स्कायरिममध्ये घोडा जवळजवळ उभा डोंगर चढून जातो, तिथे माझा कोळी गुडघ्याएवढ्या दगडाला अडला. शेवटी खाली उतरून मी एकटीच वळसा घालून वर गेले आणि त्याला वरून शिट्टी मारली, तर तो माझ्या शेजारी धुरातून पुफ्फकन उगवला.