शिराजची टाकी आणि आण्णांचा दिवा

आमचं घर तासगाव तालुक्यातलं, म्हणजे द्राक्ष आणि बेदाणा, दुसरं काही विचारायचंच नाही. आजोबांनी विहीर पाडली, आण्णांनी थॉमसन जातीची द्राक्षं लावली, मग बोरगावातनं निघालेली तास-ए-गणेश लावली, आणि मी वाईनरीत वाईनमेकर झालो. आण्णा माळकरी. पोरगं काय करतंय असं कुणी विचारलं की "फळप्रक्रियेत हाय" म्हणून मोकळे होतात, आणि खोटं पण नाही म्हणा ते.

पलूसच्या बाजूला आमचं युनिट आहे. त्या फेब्रुवारीत आण्णांना मिरजेला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं, पण सीझन असा की मला सकाळी आधी टाकी बघितल्याशिवाय निघता येईना, म्हणून त्यांना गाडीतनं तसंच वाईनरीवर आणलं आणि क्रशपॅडच्या, म्हणजे द्राक्ष उतरवून चिरडायच्या जागेच्या, सावलीत खुर्ची टाकून दिली. बाजूला शिराजचे, म्हणजे रेड वाईनच्या काळ्या द्राक्षाचे, क्रेट उतरत होते. एक घड हातात घेऊन बघितला त्यांनी. बारकं काळं मणी, जाड साल, आत बिया. "असलं मणी आमी विरळणीत काढून टाकतो" एवढंच बोलले आणि घड परत क्रेटमध्ये ठेवला. बरोबर आहे त्यांचं. खायच्या द्राक्षाला जीएमध्ये, म्हणजे जिबरेलिक अॅसिडच्या पाण्यात, बुडवून मणी फुगवायचा, लांब करायचा. आम्हाला उलटं पाहिजे, मणी जेवढा लहान तेवढी रसाच्या मानानं साल जास्त, आणि रेड वाईनचा रंग आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा, सगळं साल-बियांत. बागायतदार घरात हे पटवून देणं अवघड आहे, मी नाद सोडलाय.

त्या दिवशी 5 टनाची शिराजची टाकी रिकामी करायची होती. फर्मेंटेशन, म्हणजे रस आंबणं, जवळपास संपलेलं, फ्री रन म्हणजे न पिळता निथळलेली वाईन आदल्या रात्री दुसरीकडं काढून घेतलेली, आणि खाली राहिला होता साल-बियांचा चोथा. तो माणसानं आत उतरून फावड्यानं खालच्या दारातनं बाहेर ओढायचा आणि प्रेसला, म्हणजे पिळायच्या मशीनला, टाकायचा, वाईनच्या धंद्यातलं सगळ्यात घाणेरडं आणि सगळ्यात धोक्याचं काम हेच. कारण साखरेची दारू होताना जेवढी दारू होते जवळपास तेवढ्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड निघतो, एक लिटर रसातनं पन्नास-साठ लिटर गॅस. हा गॅस हवेपेक्षा जड, त्याला रंग नाही, टाकीत असा तळाशी बसून राहतो. वाईन काढली तरी चोथ्यात थोडी साखर आणि जिवंत यीस्ट असतंच, ते आपलं काम चालूच ठेवतं. वर वास येतो मस्त, जांभळं आणि मिरीचा, आणि त्या वासानं माणूस फसतो.

आमच्याकडं पद्धत ठरलेली आहे, हवा मारायचा ब्लोअर लावायचा, गॅस मोजायचा मीटर दोरीनं तळापर्यंत सोडायचा, ऑक्सिजन नीट दाखवला की मगच माणूस, कमरेला पट्टा, बाहेर एक जण. सगळं केलं होतं. मीटर ओके. आमच्याकडं कामाला असलेलं पोरगं, पलीकडच्या गावचं, उतरलं आणि फावडं मारायला लागलं. मी दहा पावलांवर हायड्रोमीटर घेऊन दुसऱ्या टाकीची साखर बघत होतो, चिलर, पंप, प्रेस, सगळ्याचा गोंगाट.

आणि लाईट गेली.

आपल्याकडं लाईट जाणं ही काय बातमी नाही, सगळे जनरेटरकडं बघायला लागले, टाक्या गार ठेवणारा चिलर बंद पडला म्हणून माझं पहिलं लक्ष व्हाईट वाईनच्या टाक्यांकडं. तेवढ्यात आण्णा खुर्चीतनं उठून ओरडले, "अरं पंखा बंद पडलाय, पोराला भाईर काढा आदी!" ज्या माणसाला समोरचा बोर्ड वाचता येत नव्हता त्यानं ब्लोअरचा आवाज थांबलेला ऐकला. बाहेर उभ्या माणसानं पट्टा ओढला, पोरगं चिडतच बाहेर आलं, म्हणे दोन फावडी राहिली होती. त्याला काहीच झालं नव्हतं. मीटर परत आत सोडला, थोड्याच वेळात तळाशी बोंबलायला लागला.

आण्णांना तो आवाज पटेना. त्यांनी बाहेरच्या देवळीतला दिवा मागितला. मी नको म्हणत होतो, वाईनरीत उघडा दिवा आम्ही आणत नाही, पण कोण ऐकतंय. डब्यात ठेवून सुतळीनं सोडला. तळाजवळ जाऊन ज्योत बारीक झाली आणि गेली. आजोबा उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायला उतरायच्या आधी असाच कंदील सोडायचे म्हणे, आणि एका पावण्यानं न सोडता उतरून जीव घालवला होता. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

एक सांगतो, कुणी हे वाचून दिव्यावर भरवसा ठेवू नका. दिवा जळतोय म्हणजे आत सगळं ठीक असं अजिबात नाही, माणसाला घेरी यायला लागते तेव्हाही ज्योत चालू असू शकते. मीटरच पाहिजे.

जनरेटर लागला तरी मी त्या दिवशी कुणाला उतरू दिलं नाही. वरनं फोन आला, प्रेस कशाला रिकामी ठेवलीय म्हणून, ऐकून घेतलं. आता ब्लोअरला वेगळा इन्व्हर्टर आहे आणि बाहेरच्या माणसाचं एकच काम, आवाज ऐकायचा. चोथा दुसऱ्या दिवशी काढला. रात्रभर राहिल्यामुळं प्रेसची वाईन जरा कडक, तुरट आली, ती वेगळी ठेवली आणि पुढं थोडी थोडी ब्लेंडमध्ये घातली. उरलेला चोथा आण्णांनी ट्रॉली पाठवून खताला नेला, भाडं मात्र माझ्याकडनं घेतलं.