वाटेचा हक्क आणि जुलूम

शेतरस्त्यांचे दावे चालवण्यातच माझी वकिली गेल्यामुळे, एका विधी महाविद्यालयाच्या अभिरूप न्यायालय स्पर्धेत परीक्षक म्हणून ‘पोर्तुगाल विरुद्ध भारत’ हा खटला समोर आला, तेव्हा तो मला अगदी ओळखीचा वाटला. दादरा आणि नगर हवेली १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पोर्तुगीजांच्या हातून गेली. पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमणहून भारताच्या हद्दीतून तिकडे जाणारी वाट भारताने अडवली, आणि बांधावरची वहिवाट मागणाऱ्या शेतकऱ्यासारखा पोर्तुगाल १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला.

भारताची बाजू मांडणाऱ्या विद्यार्थिनीने सुरुवात जुलमापासून केली. १९४६ नंतर सभाबंदी मोडणाऱ्या गोमंतकीयांना थेट पोर्तुगालच्या तुरुंगात धाडले गेले, १९५१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणवून घेतले, पण कारभार तोच राहिला, असे ती सांगत असतानाच प्रतिपक्षाच्या मुलाने हरकत घेतली की, यातून वाटेचा हक्क होता की नव्हता हे कसे ठरते? कायद्याच्या दृष्टीने त्याचे बरोबर होते.

मग ती १७७९ च्या पुण्याच्या तहाकडे वळली. पेशव्यांनी दिला तो बारा हजार रुपये उत्पन्नाच्या गावांचा महसूल, सार्वभौमत्व नव्हे, हा तिचा मुद्दा प्रत्यक्ष खटल्यातही न्यायालयाला पटला होता. मात्र इंग्रजांनी पुढे पोर्तुगालचे स्वामित्व मान्य केले आणि सव्वाशे वर्षांहून अधिक काळ नागरी ये-जा चालू राहिली, त्यामुळे १२ एप्रिल १९६० च्या निकालात नागरिक, मुलकी अधिकारी व माल यांच्यापुरता हक्क ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झाला. सैन्य व शस्त्रांसाठीचा ८ विरुद्ध ७ मतांनी, म्हणजे जेमतेम, नाकारला गेला. तरीही त्या भागातील तणाव पाहता वाट अडवण्यात भारताने कर्तव्यभंग केला नाही, असे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले.

इथे ती थांबली आणि हरकत घेणाऱ्याकडे वळून म्हणाली, “ज्या तणावावर भारताचा बचाव टिकला, तो कशातून उपजला? मी सुरुवातीला तेच सांगत होते.” त्याच्याकडे उत्तर नव्हते, माझ्याकडेही नव्हते. निवृत्त न्यायाधीश असलेल्या माझ्या सहपरीक्षकांनी मात्र विषयांतरासाठी तिचे गुण कापले, आणि त्यावरून आमचा वाद चहा निवेपर्यंत चालला.