अलायनर घालून सहासष्ट म्हणताना

शनिवारी माझ्या अलायनरचा, म्हणजे दात सरळ करायला दातांवर बसवतात त्या प्लास्टिकच्या ट्रेंचा, नववा सेट लागला आणि म्हणलं आता लिहूनच टाकते. कारण अलायनर लावायच्या आधी "बोलताना त्रास होतो का" हे मी नेटवर इतकं शोधलं होतं, आणि जे मिळालं ते सगळं इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी होतं, एस म्हणा, टीएच म्हणा, रोज इंग्रजी पुस्तकाचं एक पान मोठ्याने वाचा. मी साताऱ्यात दुसरीच्या वर्गाला शिकवते, दिवसातले पाच तास मराठी बोलते, माझी जीभ नेमकी कुठे अडणार हे त्यात कुठेच नव्हतं.

पहिला सेट बसवला तो पण शनिवारच, संध्याकाळ. आधी सहा दातांवर दाताच्याच रंगाचे छोटे छोटे उंचवटे चिकटवले, त्यांना अटॅचमेंट म्हणतात, ट्रे त्यांना धरून बसतो. दवाखान्यातून खाली आले, रिक्षावाल्या दादांना म्हणलं "समर्थ मंदिर", तर ते म्हणाले, कुठं? परत म्हणलं. परत कुठं? तिसऱ्यांदा मी हाताने रस्ता दाखवला आणि घरी येईपर्यंत गप्प बसले. रडू आलं होतं खरं सांगायचं तर, सोमवारी चाळीस मुलांसमोर उभं राहायचं होतं.

प्लास्टिक जाडीला जेमतेम पाऊण मिलिमीटर असतं. पण स म्हणताना जिभेचं टोक आणि वरच्या दातांच्या मागची जागा यात एक बारीक फट राहते आणि हवा तेवढ्यातून जाते, तिथे पाऊण मिलिमीटर म्हणजे पुष्कळ झालं. शिवाय ट्रे जिथे हिरडीपाशी संपतो तिथे एक पायरी तयार होते, जीभ दर वेळी तिला लागते. पहिले दोन दिवस तोंडाला पाणी पण खूप सुटतं, तोंडात काहीतरी खायला आलंय असं शरीराला वाटतं बहुतेक.

रविवारी सकाळी मी ओट्यापाशी उभी राहून क पासून ज्ञ पर्यंत एकेक अक्षर म्हणून बघितलं, आणि तेव्हा मला सगळं कळलं. क ख ग घ स्वच्छ. प फ ब भ म स्वच्छ, फक्त फळ मधला फ नीट आणि फोन मधला जरा घसरतो, कारण फळ आपण दोन ओठांनी म्हणतो आणि फोनला वरचे दात खालच्या ओठावर येतात. ट ठ ड ढ ण आणि ळ तर पहिल्या दिवसापासून खणखणीत, कारण जीभ वळून वर टाळूला जाते आणि अलायनर टाळूवर नसतोच. काळे राळे गोरे राळे मी एका दमात म्हणलं! त थ द ध जरा जाड ऐकू येत होते पण कळत होते.

खरा घोळ स चा आणि च ज झ चा. पण सगळ्या च चा नाही. मराठीत च दोन आहेत, चार मधला टाळूचा आणि पाच मधला दातांमागचा, आणि ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की मी शिक्षिका असून कधी लक्ष दिलं नव्हतं. चार नीट आला, पाच अडकला. जग म्हणजे दुनिया, ते बरं आलं, आणि "शंभर वर्षं जग" मधलं जग ओलसर, फुसकं. मग बघत गेले तर चमचा, चांगलं, जहाज, झाड, झोप, माझा, सगळे दातांचे. हिंदीत हा दुसरा च नाहीच, म्हणून हिंदी व्हिडिओंमध्ये पण त्याचा उल्लेख सापडत नाही. मराठी माणसाने अलायनर लावले तर सराव या शब्दांचा करायला हवा, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

सोमवारी गणिताला संख्यांचं श्रुतलेखन होतं, पुढे ढकलता आलं असतं पण ढकललं नाही. मी म्हणलं सहासष्ट. "बाई, सहासष्ट का सदुसष्ट?" म्हणलं सहासष्ट, सहावर सहा. निम्म्यांनी खोडलं. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात संख्या वीस एक, वीस दोन अशाही वाचायला आणल्या तेव्हा मी जुन्या पद्धतीच्या बाजूने तावातावाने बोलले होते, आणि त्या दिवशी फळ्यासमोर मला साठ सहा हे किती सरळ आहे ते कळलं, दोन स त्यातही आहेत पण प्रत्येकाला आपापली जागा मिळते.

मग मी चूक केली. मंगळवारपासून तीन दिवस शाळेत ट्रे काढून डबीत ठेवले. रोज २० ते २२ तास घालायचे असतात हे माहीत होतं, पण मुलांचं नुकसान नको असं मनाला समजावलं. पुढचा सेट घातला तर पुढच्या दातापाशी ट्रे आणि दात यात फट दिसायला लागली, बसेचना. डॉक्टर रागावले नाहीत, पहिलाच सेट अजून आठवडाभर घालायला लावला. आणि ज्या तीन दिवसांत जिभेला सवय लागली असती ते वाया गेले ते वेगळंच. म्हणून सांगते, बोलायचंय म्हणून काढू नका, बोलायचंय म्हणूनच घाला.

माझा सराव अगदी घरगुती होता. सकाळी पेपरची एक बातमी मोठ्याने. भाकऱ्या करताना इथल्या ठिकाणांची नावं, सातारा, सज्जनगड, ठोसेघर, कास, सदर बझार. आणि चटईला टाचणी टोचली, हे खूप, कारण यातले तिन्ही च दातांचे आहेत. आधी इतकं हळू म्हणायचं की प्रत्येक च ला जीभ कुठे लागतेय ते कळलं पाहिजे. फोनवर रेकॉर्ड पण करायचे, त्याने खूप धीर आला, कारण आपला आवाज आपल्याला हाडांमधूनही ऐकू येतो आणि तोंडातला बोबडेपणा बाहेर असतो त्यापेक्षा जास्त वाटतो. वर्गात पाण्याची बाटली टेबलावर, तोंड कोरडं पडलं की ओठ प्लास्टिकला चिकटतो. चहाला मात्र ट्रे काढायचे, गरम चहाने आकार बिघडतो, आणि चूळ भरूनच परत घालायचे. एका सेटची कड जिभेला टोचत होती ती डॉक्टरांनी दोन मिनिटांत घासून दिली, उगाच सहन करत बसू नका.

बाराव्या दिवशी सहासष्टला कोणी परत विचारलं नाही.

पण मला लिहायचं होतं ते मुलांबद्दल. दुसरीत म्हणजे सात वर्षांची पोरं, निम्म्या वर्गाचे पुढचे दुधाचे दात पडलेले. त्या पहिल्या सोमवारी पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमचापण दात पडला का?" तिच्या स मधून पण हवाच येत होती. मी तिला नाही म्हणलं, दात सरळ करायला टोपी घातलीय म्हणलं, तर तिने जाऊन सगळ्यांना सांगितलं की बाईंच्या दातांना टोपी आहे, म्हणून हळू म्हणतात, नीट ऐका. आणि ते खरंच नीट ऐकायला लागले.

मी इतकी वर्षं अशा मुलांना वाचताना मध्येच थांबवून "नीट बोल, परत म्हण" म्हणत आलेय, चारचौघांत. आता थांबवत नाही. शब्द पूर्ण होऊ देते, मग पुढच्या वाक्यात तोच शब्द मी म्हणते, सावकाश. दोघं-तिघं आता मोठ्याने वाचायला स्वतःहून हात वर करतात, आधी करत नव्हते.

सेट बदलला की पहिल्या संध्याकाळी स अजूनही जरा जड येतो, म्हणून मी शनिवारी रात्री जेवण झाल्यावरच बदलते, रविवार हाताशी राहतो. अजून पंधरा सेट आहेत. सोमवारी साताचा पाढा आहे.