ब्रिटनचं सिम आणि अठराचं कुलूप

सप्टेंबरात ब्रिटनला शिकायला येणारी मुलं पहिल्याच दिवशी प्रीपेड सिम घेतात, आणि मग कधीतरी एखादी अगदी साधी साइट उघडायला नकार देते. वाइनचं दुकान, व्हीपीएनची (इंटरनेट जोडणी दुसऱ्या वाटेने नेणाऱ्या सेवेची) माहिती, एखादा चर्चेचा फोरम, काहीही. हॉस्टेलच्या वायफायवर तीच साइट सुरळीत चालते. फोन बिघडलेला नसतो, डेटाही संपलेला नसतो. सिमवर वयाचं कुलूप असतं आणि ते सिम विकतानाच लावलेलं असतं. विकणारा हे सांगत नाही.

मोबाइल कंपन्यांनी जानेवारी 2004 मध्ये आपणहून एक आचारसंहिता स्वीकारली: ग्राहक 18 वर्षांचा आहे हे सिद्ध होईपर्यंत प्रौढांसाठीचा मजकूर बंद. 2013 पासून त्यात काय मोडतं याची चौकट बीबीएफसी ठरवते, म्हणजे सिनेमांना वयाचं प्रमाणपत्र देणारी तिथली संस्था. चौकट तशी समंजस आहे. घोळ होतो तो अंमलबजावणीत, कारण कोट्यवधी साइट कोणी माणूस बसून तपासत नाही. वर्गवारी सॉफ्टवेअर करतं, आणि त्याच्या चाळणीत निरुपद्रवी साइटही अडकतात. ओपन राइट्स ग्रुप या संस्थेने 2014 मध्ये लोकप्रिय एक लाख साइट तपासल्या, तेव्हा जवळपास पाचांतली एक कुठल्या ना कुठल्या फिल्टरमध्ये अडकत होती. त्या आकड्यात घरच्या ब्रॉडबँडचे कडक फिल्टरही धरले आहेत, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो नेमकं काय झालंय हे ओळखण्यात. साइट जुन्या, न कुलूपबंद केलेल्या एचटीटीपी जोडणीवर असेल तर कंपनी मध्येच आपलं पान दाखवते: हा मजकूर अठरा वर्षांवरील लोकांसाठी आहे. पण आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सांकेतिक रूपात चालणाऱ्या जोडणीवर आहेत. तिथे मध्ये पान घुसवता येत नाही, म्हणून ब्राउझर सर्टिफिकेटची तक्रार करतो, ‘कनेक्शन रीसेट’ म्हणतो किंवा नुसता फिरत राहतो. माणूस समजतो साइटच बंद पडली.

तपासणी सोपी आहे. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर साइट उघडा, मग उलट करा. फक्त डेटावर अडत असेल तर संशय कुलपावर. अँड्रॉइडवर प्रायव्हेट डीएनएस (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) किंवा जाहिराती अडवणारं ॲप चालू असेल तर ते आधी बंद करा, कारण कधी कधी तेच साइट अडवत असतं. आयफोनवर ‘प्रायव्हेट रिले’, म्हणजे तुम्ही काय बघता ते झाकणारी ॲपलची सोय, या नेटवर्कवर चालत नाही असा संदेश आला, तर त्यामागेही फिल्टर असू शकतो. रहदारी तपासणारी नेटवर्कं ती सोय अडवतात. आणि लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर असेल तर तोही याच कुलपामागे असतो.

डीएनएस बदलून काही ठिकाणी वाट मिळते, पण जिथे कंपनी जोडणी सुरू होतानाच साइटचं नाव वाचते तिथे नाही. असल्या पळवाटांत वेळ घालवण्यापेक्षा कुलूप रीतसर काढलेलं बरं.

ते निघतं कंपनीच्या ॲपमधून किंवा ऑनलाइन खात्यातून. कंटेंट लॉक, कंटेंट कंट्रोल किंवा ॲडल्ट फिल्टर अशा नावाखाली शोधा. ईई या कंपनीकडे स्ट्रिक्ट, मॉडरेट आणि ऑफ असे तीन टप्पे आहेत. फोनवरून बोलायचं तर ईईसाठी 150, व्होडाफोनसाठी 191, थ्रीसाठी 333 आणि ओटूच्या मासिक करारासाठी 202. गिफगॅफ, लेबारा, लायका यांसारख्या कंपन्या दुसऱ्यांच्या टॉवरवर चालतात, पण वय सिद्ध करायचं ते ज्याचं सिम आहे त्याच्याकडेच.

खरी अडचण पुढे येते: क्रेडिट कार्ड मागतात. डेबिट कार्ड चालत नाही, कारण तिथे ते अकरा वर्षांच्या मुलालाही मिळतं. क्रेडिट कार्ड अठराखाली मिळत नाही, म्हणून तोच वयाचा पुरावा. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याची तिथे पतच तयार झालेली नसते, त्यामुळे कार्ड कुठून आणणार? भारतातून आणलेलं फॉरेक्स कार्ड प्रीपेड असतं, ते बाद. भारतीय क्रेडिट कार्ड चाललं तर चाललं. बिलाच्या पत्त्यातला आपला सहा आकड्यांचा पिनकोड तिथल्या अक्षरं-आकडे मिसळलेल्या पोस्टकोडशी जुळत नाही आणि व्यवहार पडतो. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आधी बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘ऑनलाइन’ ही दोन्ही बटणं चालू करावी लागतात. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, तेव्हा ते सिमही जिवंत हवं.

कार्ड जमलं नाही तर पासपोर्ट घेऊन कंपनीच्या स्वतःच्या दुकानात जा, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे नव्हे. कुलूप काढल्यावर फोन बंद करून चालू करा. तरी अडत असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा, मगच तक्रार करा.

‘मला कुठे असल्या साइट बघायच्यात’ म्हणून हे टाळणारे पुष्कळ असतात. पण 25 जुलै 2025 पासून ब्रिटनच्या ऑनलाइन सेफ्टी ॲक्टखाली प्रौढांसाठीचा किंवा मुलांना घातक मजकूर असू शकणाऱ्या साइटनाच वय तपासणं भाग पडलंय, आणि ऑफकॉम या नियामकाने मान्य केलेल्या पद्धतींत एक मोबाइल नंबरवरची आहे: तुमच्या परवानगीने कंपनीला विचारतात, या नंबरवर वयाचा फिल्टर आहे का? नसेल तर तुम्ही प्रौढ. म्हणजे एकदा काढलेलं कुलूप पुढे पुराव्याच्या कामाला येतं. नाहीतर सेल्फी किंवा पासपोर्टचा फोटो कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीला द्यावा लागतो. मला पहिला मार्ग कितीतरी बरा वाटतो.

सुट्टीत पुण्याला आलात आणि ब्रिटनचं सिम रोमिंगवर असलं, तरी डेटा सहसा ब्रिटनमार्गेच फिरतो, त्यामुळे कुलूपही सोबत येतं. उलट, भारतीय सिम लंडनमध्ये रोमिंगवर असेल तर तिथलं कुलूप लागत नाही, भारतातल्या बंदी लागतात. आणि आयटी कायद्याच्या कलम 69अ खाली बंद केलेल्या साइट वयाचा पुरावा देऊनही उघडत नाहीत.

कंपनी बदलताना 65075 वर इंग्रजीत पी-ए-सी ही तीन अक्षरं पाठवून कोड मिळतो. तो 30 दिवस चालतो आणि नंबर तोच राहतो. वयाची नोंद मात्र जुन्या कंपनीकडेच राहते. नव्या सिमवर कुलूप पुन्हा लागलेलं असू शकतं, तेव्हा जुनं सिम बंद व्हायच्या आधीच नव्या खात्यातली ती सेटिंग बघून घ्या.