परळच्या खेपेआधी: लॅबवाल्याला पैसे देण्यापूर्वी वाचा

आमच्या लेकीला ड्रावे सिंड्रोम आहे, म्हणजे जनुकातल्या बदलामुळे लहानपणीच फिट येऊ लागणारा आजार. तिला परळच्या हॉस्पिटलात नेताना शिकलेलं हे. सोलापूरहून रात्री सिद्धेश्वर, पहाटे दादर. फिट लांबली तर नाकात मारायचा मिडॅझोलॅम स्प्रे बर्थखालच्या बॅगेत ठेवू नका, गळ्यातल्या पर्समध्ये ठेवा. आणि एसी आहे म्हणून लेकराला दोन ब्लँकेटांत गुंडाळू नका. या मुलांचं अंग तापलं की फिट येते, मग ताप असो, गरम पाण्याची अंघोळ असो की ब्लँकेट. दौंडच्या पुढे आमच्या लेकीला आली. पाच मिनिटांच्या आत थांबली, स्प्रे लागला नाही. पण तेवढ्यात समोरचे आजोबा हुंगवायला चप्पल घेऊन हजर! त्यांना गोडीत खाली बसवलं. तोंडात पाणी नाही, चमचा नाही, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं.

आता खरा संताप. आमच्याकडच्या एका लॅबच्या माणसाने आधी एपिलेप्सी पॅनेल, म्हणजे फिटशी जोडलेल्या जनुकांची तपासणी, करायला लावलं, १८,००० रुपये. रिपोर्टमध्ये एससीएन१ए जनुकात एक बदल सापडला, पुढे शेरा: अर्थ अनिश्चित, म्हणजे आजार याच बदलामुळे आहे की नाही ते सांगता येत नाही. मग काय, तर म्हणे आता एक्झोम, म्हणजे जवळपास सगळ्याच जनुकांची तपासणी करा, २५,०००. तेही भरले. त्यात तोच बदल, तोच शेरा. वर आम्हा दोघांच्याही एक्झोमचं कोटेशन तयार! परळच्या डॉक्टरांनी ते कागद बाजूला सारले. म्हणाले, बदल सापडलेलाच आहे, आईवडिलांच्या रक्तात तेवढी एकच जागा सँगर पद्धतीने तपासा. खर्च काही हजारांचा. हे आधी कुणी सांगितलं असतं तर आमची एक अख्खी खेप वाचली असती. बदल आमच्या दोघांतही निघाला नाही. त्यावरून आणि लेकीच्या लक्षणांवरून नाव ठरलं: ड्रावे सिंड्रोम. बहुतेक मुलांत हा बदल नव्यानेच होतो. 'सुनेच्या माहेरचं आहे' म्हणणाऱ्यांना मी तो रिपोर्ट दाखवणार आहे, लॅमिनेट करून.

नावाचा उपयोग लगेच झाला. लेकीला कार्बामाझेपिन हे फिटचं औषध चालू होतं आणि फिट वाढतच होत्या. आम्हाला वाटायचं डोस कमी पडतोय. मेंदूतल्या ब्रेक लावणाऱ्या पेशींचे सोडियम चॅनेल, म्हणजे पेशीतला विजेचा संदेश चालवणाऱ्या वाटा, या आजारात आधीच अधू असतात, आणि हे औषध तेच चॅनेल आणखी दाबतं. डॉक्टरांनी ते हळूहळू कमी करून व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम ही फिटची दुसरी औषधं वाढवली. मनाने बंद करू नका, एकदम बंद केलं तरी फिट उसळते. फेनिटॉइन हे फिटचं औषधही चॅनेल दाबणाऱ्यांतलंच, आणि रात्री कॅज्युअल्टीत फिट थांबेना की तेच लावायची शक्यता असते. म्हणून कोणती औषधं टाळायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि फाइलच्या पहिल्याच पानावर लावा.

फिटचा व्हिडिओ काढून ठेवा. आमच्या जाड फाइलपेक्षा मोबाइलवरचा तो एक तुकडा डॉक्टरांनी जास्त वेळ पाहिला, कुठला हात आधी उडतो ते बघायला. परळचं केईएम हॉस्पिटल हे केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात नेमलेलं उपचार केंद्र आहे. मदतीच्या यादीत आपला आजार बसतो का, तिथेच विचारा.

दादरला रिक्षा शोधू नका, सायन-वांद्र्याच्या खाली त्या येत नाहीत. टॅक्सीवाला ४०० म्हणाला तर पुढच्या टॅक्सीकडे जा. मीटरने शंभराच्या आत होतं.