मतपत्रिकेवर दोनच चौकोन होते

भारतीय पासपोर्टवर मी ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघात राहायचं की निघायचं याच्या, सार्वमतात मत दिलंय, असं सांगितलं की सावंतवाडीकडचे नातेवाईक मला थापाडी समजतात. पण नियमच तसा होता. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना मताचा हक्क होता. युरोपीय नागरिकांना मात्र नव्हता, आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसचे सोडून. म्हणजे ज्यांच्या इथं राहण्याचाच फैसला व्हायचा होता ते तीसेक लाख लोक बाहेर, आणि मी आत. साम्राज्याने आमच्याकडून काय काय नेलं त्याचा हिशेब मोठा आहे, पण ही एक भलतीच परतफेड पदरात पडली.

याचा सगळ्यात जास्त राग मडगावकरला आला. हे त्याचं खरं आडनाव नव्हे, आम्ही त्याला तसं म्हणतो. मी राहते त्या इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये गोंयकार हजारोंनी आहेत, आणि त्यातले बरेच पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले. १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्या बापाच्या कागदांवर लिस्बनमध्ये नोंद करायची, पासपोर्ट मिळाला की युरोपीय नागरिक म्हणून थेट इंग्लंड गाठायचं. मडगावकर असाच आला, एका गोदामात रात्रपाळीला लागला, घर घेतलं. कौन्सिलच्या निवडणुकीत दरवेळी मत द्यायचा. सार्वमताचं पोल कार्ड मात्र माझ्या दारात पडलं, त्याच्या नाही. "तुका मत आसा, म्हाका ना!" असं तो मला इतक्या वेळा म्हणाला, जणू नियम मीच केला होता. मी सावंतवाडीजवळच्या बांद्याची, मालवणी बोलणारी, त्यामुळे आमची भांडणं बिनदुभाष्याची होतात.

२३ जून २०१६ ला मतदान झालं. इथं ओळखपत्र तेव्हा कुणी मागत नसे आणि बोटाला शाईही लावत नाहीत. नाव-पत्ता सांगायचा, कागद घ्यायचा, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारायची. पेन्सिलीची मतं गुप्तहेर खातं खोडून टाकणार अशी आवई उठल्याने काहीजण घरून पेन घेऊन आले होते. आपल्याकडे मशिनवर संशय, इथं पेन्सिलीवर. मी 'राहायचं' या चौकोनात फुली मारली.

निकाल सगळ्यांना माहीत आहे. बाहेर पडायला ५१.९ टक्के, राहायला ४८.१. मतांचा फरक साडेबारा लाखांच्या वर. स्कॉटलंड ६२ टक्क्यांनी 'राहायचं' म्हणालं, उत्तर आयर्लंडही राहण्याच्या बाजूने, इंग्लंड आणि वेल्स निघायच्या. आमच्या स्विंडनमध्ये ५४.७ टक्के लोकांनी निघायला मत दिलं. सकाळी पंतप्रधान कॅमेरन यांनी राजीनामा जाहीर केला, पौंड कोसळला, आणि ऑफिसात कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देईना.

पुढचे काही महिने मी एक उद्योग केला. ओळखीतल्या ज्यांनी 'निघायचं' म्हटलं होतं त्यांना सरळ विचारलं, का? करी हाउसवाल्या ओळखीच्या सिल्हेटी (बांगलादेशी) गृहस्थांचं म्हणणं, युरोपातून येणारे कमी झाले की आमच्याकडच्या आचाऱ्यांना व्हिसा मिळेल. 'निघायचं'च्या बाजूच्या नेत्या प्रीती पटेल यांनी प्रचारात हेच तर सांगितलं होतं. ऑफिसातल्या एका वयस्क सहकाऱ्याला आपले कायदे आपल्याच पार्लमेंटने करावेत एवढंच हवं होतं. स्थलांतराचं त्याला सोयरसुतक नव्हतं, युरोपशी व्यापार आहे तसाच राहील असं तो धरून चालला होता. मुलाच्या शाळेच्या गेटवर भेटणाऱ्या एका आईला दवाखान्यात वेळ मिळत नव्हती आणि युरोपला जाणारे आठवड्याचे ३५ कोटी पौंड सरकारी दवाखान्यांना देऊ, असं तिने प्रचाराच्या त्या लाल बसवर वाचलं होतं. मडगावकरच्या सुपरवायझरला परके कमी व्हायला हवे होते. "म्हणजे मी?" असं मडगावकरने विचारलं, तर तो म्हणाला, तू नाही रे, ते दुसरे.

हे चौघेही एकाच चौकोनात मोजले गेले. त्यांच्यातल्या कोणालाही मी मूर्ख म्हणणार नाही. माझ्या बाजूचे पुष्कळ जण म्हणायचे, आणि तेही मला रुचायचं नाही. पण करीवाल्याला दार उघडायला हवं होतं आणि सुपरवायझरला लावायला. या दोघांची मिळून एक 'लोकेच्छा' कशी होणार?

ती झाली नाहीच, तिला आवाज देणारे मात्र रोज नवे निघाले. थेरेसा मे स्वतः 'राहायचं'वाल्या, पण पंतप्रधान झाल्यावर त्यांनी युरोपच्या एकल बाजारपेठेतून बाहेर, सीमाशुल्क संघातून बाहेर, असा अर्थ लावला. मतपत्रिकेवर यातलं अक्षर नव्हतं. निघण्याची प्रक्रिया पार्लमेंटला विचारल्याशिवाय सुरू करता येणार नाही, असा निकाल तीन न्यायाधीशांनी दिला, तर दुसऱ्या दिवशी डेली मेलने त्यांचे फोटो पहिल्या पानावर छापून त्यांना 'जनतेचे शत्रू' ठरवलं. पार्लमेंटचं सार्वभौमत्व परत आणण्यासाठी निघालेले लोक पार्लमेंटला विचारायचं म्हटल्यावर चवताळले, याची मला तेव्हाही गंमत वाटली होती. २०१७ मध्ये मे यांनी बहुमत वाढवायला निवडणूक घेतली आणि होतं तेही घालवलं.

मग २०१९ चा तो हिवाळा. आम्ही घरी संध्याकाळी मालिका लावावी तसं पार्लमेंट लावायचो. सभापती जॉन बर्को यांची 'ऑर्डरऽऽर' मुलगा हुबेहूब करायचा. मे यांचा करार १५ जानेवारीला २३० मतांनी पडला, मार्चमध्ये १४९ नी, मग ५८ नी. मधे खासदारांनी ठरवलं की आपणच बघू आपल्याला काय हवं, आणि आठ पर्याय मताला टाकले. आठही पडले. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातलं सर्वांत प्रामाणिक मतदान हेच. काय नको, हे ठाऊक होतं. काय हवं, हे बहुमताने सांगता येत नव्हतं.

आमच्या कोकणात भाऊ वेगळे होतात तेव्हा 'वेगळं व्हायचं' हे एका रात्रीत ठरतं, पण खरं भांडण हद्दीवरच्या फणसावरून होतं. ब्रिटनचा फणस आयर्लंडमध्ये होता. ब्रिटनमधलं उत्तर आयर्लंड आणि युरोपीय संघातलं आयर्लंड यांच्यामधली सरहद्द, युरोपशी जमिनीवरची त्यांची खरी सरहद्द ती एकच, पाचशे किलोमीटरची, आणि उत्तर आयर्लंडच्या १९९८ च्या शांतता करारानंतर तिथली नाकी पुन्हा उभी करायला कोणी धजत नव्हतं. प्रचाराच्या काळात आमच्या स्विंडनमध्ये त्या सरहद्दीचं नाव घेतलेलं मला एकदाही आठवत नाही.

दुसरं सार्वमत घ्या म्हणून लंडनला प्रचंड मोर्चे निघाले. इथूनही मंडळी जायची. माझ्या मैत्रिणींनी खूप गळ घातली, मी गेले नाही. हरलेल्यांनी पुन्हा मोजायला लावायचं हे मला पटत नव्हतं. लोकांना आधी सांगितलं होतं की तुम्ही ठरवाल ते सरकार करेल. त्या वाक्यासह पत्रक घरोघरी आलं होतं, ९० लाख पौंडांहून जास्त खर्चून. निघायचं ठरलं, तर निघायला हवं. कसं निघायचं हे मात्र सगळ्या पक्षांनी बसून ठरवायला हवं होतं, तो निकाल कुणा एका पंतप्रधानांच्या खिशातला नव्हता. या मतामुळे मी दोन्हीकडची शत्रू झाले.

माझ्या या हट्टामागे थोडं गोवा आहे. आजीचं माहेर पेडण्याचं. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं. पेडणे फुलाकडे, मडगावची सासष्टी दोन पानांकडे. म्हणजे माझे आणि मडगावकरचे वाडवडील तेव्हाही समोरासमोरच होते. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. कौल नि:पक्ष व्हावा म्हणून विलीनीकरणवाल्या मुख्यमंत्री बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला होता. आणि विलीनीकरणाची बाजू हरल्यानंतर अडीच महिन्यांच्या आत त्याच लोकांनी बांदोडकरांना पुन्हा निवडून दिलं. पेडण्याची माणसं हळहळली, पुन्हा कौल घ्या म्हणून अडून बसली नाहीत. पण तिथं दोन्ही चिन्हांमागे खरीखुरी वस्तू होती. महाराष्ट्र कसा आहे ते आजीला पुलापलीकडे दिसत होतं. 'निघायचं' या चौकोनामागे कोणता देश आहे, ते २०१६ मध्ये कोणालाच दाखवता आलं नसतं.

पुढचं पटपट सांगते. बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाले, पार्लमेंट तहकूब केलं, सर्वोच्च न्यायालयाने ११ विरुद्ध ० ने ते बेकायदा ठरवलं, आणि तरी डिसेंबरच्या निवडणुकीत 'एकदाचं उरका' एवढ्या घोषणेवर ८० जागांचं बहुमत घेऊन गेले. मला त्यात उत्साहापेक्षा कंटाळा दिसला. ३१ जानेवारी २०२० ला रात्री ११ वाजता ब्रिटन बाहेर पडलं. फणसाचा तोडगा म्हणून ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या आयरिश समुद्रात मालाच्या तपासणीची कागदी सीमा आली. मडगावकरने फोनवर पासपोर्ट स्कॅन करून 'सेटल्ड स्टेटस', म्हणजे इथं कायम राहण्याचा हक्क, घेतलं. इथला होंडाचा कारखाना २०२१ मध्ये बंद झाला. कंपनी म्हणाली कारण ब्रेक्झिट नव्हे, जगभरचा गाड्यांचा धंदा बदलतोय. गावात ज्याने ज्याला मत दिलं होतं त्याप्रमाणे त्याने कारण निवडलं.

आणि स्थलांतर? युरोपातून येणारे घटले, भारतातून येणारे वाढले. माझ्या गल्लीत आता मराठी घरं जास्त आहेत. करी हाउसवाल्यांना मात्र आचारी मिळालाच नाही, कारण व्हिसासाठी लागणारा पगार त्यांच्या गल्ल्याबाहेरचा. सुपरवायझर तर अजूनच चिडलाय.

मडगावकर मधल्या काळात ब्रिटिश नागरिक झाला. जुलै २०२४ ला पार्लमेंटच्या निवडणुकीत त्याचं पहिलं मत, आणि ते त्याने दिलं निगेल फराज यांच्या स्थलांतरविरोधी रिफॉर्म पक्षाला. फ्रान्सकडून छोट्या होड्यांतून येणारे थांबले पाहिजेत म्हणे. अरे, २०१६ ला लोक तुझ्याबद्दलच बोलत होते ना, असं मी म्हटलं. "म्हजेविशीं न्हय गो," तो म्हणाला, "त्या दुसऱ्यांविशीं." सुपरवायझरचं वाक्य मी त्याला आठवून दिलं. ते तर तो साफ विसरला होता. मला म्हणाला, तुका मत आशिल्लें, तुवें कितें केलें ताचें?