टिचबटणांचा शर्ट

जर्सी सिटीच्या न्यूअर्क अव्हेन्यूवर आमचं अल्टरेशनचं दुकान आहे. म्हणजे दुकान मालकीणबाईंचं, मशीनवर मी. घागऱ्याचा घेर कमी करणं, ब्लाउजला बाह्या लावणं, हे रोजचं काम. मे २०२५ मध्ये मात्र काउंटरवर झालरींची जाकिटं येऊन पडायला लागली. गायिका बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ दौऱ्याचे पाच कार्यक्रम इथून जवळच, मेटलाइफ स्टेडियमवर होते. मॅनहॅटनच्या ऑफिसांत बसणाऱ्या पोरी हॅट, बूट आणि ताटलीएवढ्या बक्कलाचा पट्टा अशा थाटात निघायच्या तयारीत होत्या. कुणाला जीन्सच्या जाकिटाला झालर हवी, कुणाला स्कर्ट वीतभर वर हवा. माल बहुतेक ऑनलाइन मागवलेला, कच्च्या शिलाईचा. एक रात्र टिकला तरी खूप.

त्या गर्दीत एक बाई आल्या. साठी उलटलेली, कृष्णवर्णीय, बोलणं सावकाश. बरोबर मुलगी. पिशवीतून उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला शर्ट काढला आणि काउंटर आधी हाताने पुसून मगच ठेवला.

शर्ट लोकरी गॅबर्डिनचा, काळा. खांद्याच्या पट्टीवर दोन्ही बाजूंना लाल गुलाब, खिशाची तोंडं हसऱ्या ओठांसारखी वाकलेली, टोकांना बाणाच्या आकाराचा भरीव टाका. पुढे मोत्याच्या रंगाची टिचबटणं. डाव्या गुलाबाखाली कसर लागून भोक पडलेलं आणि त्यात धागा तुटून अर्धा गुलाब उसवलेला. साखळी टाक्याचं हेच असतं, शेवट सुटला की सगळी ओळ सरसर निघत जाते.

“वडिलांचा आहे,” त्या म्हणाल्या. “टेक्सासचे होते. रविवारी चर्चला हा, रोडिओच्या खेळांना हा, लग्नालाही हाच.”

शेजारी रांगेतली एक मुलगी गुलाबी हॅट फिरवत म्हणाली, “काय भारी कॉस्च्युम आहे!”

बाईंनी तिच्याकडे वळून शांतपणे सांगितलं की हा कॉस्च्युम नाही, कपडे आहेत. जुन्या काळच्या काउबॉय गुराख्यांत चौघांतला एक काळा होता असं म्हणतात. सिनेमावाल्यांना तो दिसला नाही, एवढंच. मग हसून म्हणाल्या, “१९८० मध्ये ट्रॅव्होल्टाचा ‘अर्बन काउबॉय’ सिनेमा आला तेव्हाही शहरातल्या लोकांनी असेच बूट घेतले होते. पुढे माळ्यावर टाकले.” मुलीने मात्र बिचारीने हॅट काढून नीट विचारलं, शर्टाला हात लावू का म्हणून. मला ती आवडली.

मालकीणबाई मला मागे नेऊन म्हणाल्या, “नाही सांग. मशीनचं भरतकाम आहे, आपल्याकडे ती मशीन नाही.”

मशीन नव्हती, हे खरं. या शर्टांवरची नक्षी साखळी टाक्याच्या मशीनवर काढायचे. टेबलाखालचा दांडा हाताने फिरवायचा, दांडा जिकडे वळेल तिकडे टाका. पण आकडीची सुई वरून आत जाते आणि खालचा धागा ओढून आणते, हे आरी, म्हणजे हाताने भरायची आकडीची सुई, तीच तर करते. मी कुर्ल्याच्या कारखान्यात बरेलीहून आलेल्या उस्तादांच्या हाताखाली आरी शिकले. मी हो म्हणाले.

आधी रफू. त्यासाठी धागे शर्टाच्याच आतल्या शिलाईतून काढले, म्हणजे काळा काळ्यात मिसळतो. लालचा घोळ जास्त. नवं रेशीम ठेवलं की जुना गुलाब विटलेला दिसायचा. शेवटी दोन छटांचे धागे एकत्र धरले, एक विटकरी, एक डाळिंबी. कापड रिंगवर ताणलं आणि पाकळीच्या कडेने आत आत येत टाके घेतले. जुने टाके मशीनचे, अगदी सारखे. माझा हात कुठे मोठा पडतोय ते दर ओळीला बघावं लागत होतं. इस्त्रीची वाफ मुद्दाम दिली नाही, जुना लाल कधी रंग सोडेल सांगता येत नाही.

रात्री फोनवर या शर्टांबद्दल वाचत बसले. गवयांना चमचमते सूट शिवून देणारा न्यूडी कोन मूळचा कीवचा, लहानपणी ब्रुकलिनला आलेला. १९५७ मधला गायक एल्व्हिस प्रेस्लीचा सोनेरी सूट त्याच्याच दुकानातला. दुसरा नावाजलेला शिंपी रोडिओ बेन, तो फिलाडेल्फियाचा. हॅटवाला स्टेटसन तर आमच्या न्यू जर्सीतच जन्मलेला, आणि त्याचा धंदा १८६५ मध्ये फिलाडेल्फियातच सुरू झाला. काउबॉयचा साज आता शहरात आला म्हणून सगळे नवल करतात. तो शिवला जात होता शहरातच, आणि शिवणारे बरेचसे परदेशातून आलेले. मला उगाच आपल्यातली माणसं भेटल्यासारखं झालं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बाई आल्या. शर्ट त्यांच्या मुलीने घालून बघितला, एका झटक्यात सगळी टिचबटणं टचाटच उघडली. कुंपणात किंवा खोगिरात शर्ट अडकला तर फाटायच्या आधी उघडावा म्हणून ही बटणं, असं बाईंनी सांगितलं. मग आपल्याकडे पैठणी घेताना बघतात तसा त्यांनी शर्ट उलटा केला आणि मागची बाजू उजेडात धरली.

“मशीनचं की हाताचं?”

“हाताचं.”

“मग एवढे कमी पैसे कसे लावले?”

मी काही बोलायच्या आत मागून मालकीणबाईंचा आवाज आला, “मी हिला तेच सांगत होते!” आणि त्यांनी पावतीवरचा आकडा खोडला.